बॅच पुण्यात आणताना

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका मध्यम आकाराच्या विमा कंपनीने २०१७ च्या अखेरीस आपल्या मेनफ्रेमची, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकाची, देखभाल आणि रात्रीची बॅच आमच्या कंपनीकडे सोपवायचं ठरवलं. काम हिंजवडीतून चालणार होतं आणि ते तिकडून इकडे आणायची, म्हणजे ट्रान्झिशनची, जबाबदारी माझ्याकडे आली. त्यानंतर मी आणखीही ट्रान्झिशन्स केली. पण नवीन मुलं मला या कामाबद्दल विचारतात तेव्हा मी याच एका ट्रान्झिशनबद्दल बोलते. काम आउटसोर्स होताना त्यातलं काय प्रत्यक्ष पोचतं आणि काय मागेच राहतं, हे मला तिथे सगळ्यात स्वच्छ दिसलं.

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी बॅचबद्दल सांगते. दिवसभर ब्रोकर आणि कॉल सेंटरची माणसं पॉलिसी काढतात, बदलतात, दावे नोंदवतात. रात्री आठला ऑनलाइन यंत्रणा बंद होते आणि शेकडो जॉब, म्हणजे आपोआप चालणारी प्रोग्रॅमची कामं, ठरलेल्या क्रमाने धावायला लागतात. हप्त्यांचा हिशेब होतो, ग्राहकांच्या खात्यांतून हप्ते वळते करण्यासाठी बँकेकडे जाणारी डायरेक्ट डेबिटची फाइल बनते, नूतनीकरणाची पत्रं तयार होतात, ब्रोकरांचं कमिशन निघतं. वाहनविमा असेल तर त्यात आणखी एक फाइल असते, मोटर इन्शुरन्स डेटाबेसची. ब्रिटनमध्ये विमा उतरवलेल्या गाड्यांची नोंद या डेटाबेसमध्ये करावी लागते. तिथले पोलीस रस्त्यावरच्या कॅमेऱ्याने नंबरप्लेट वाचतात आणि याच नोंदीशी ताडून पाहतात. नोंद नसेल तर गाडी थांबवतात, आणि विमाच नाही अशी खात्री झाली तर गाडी जप्तही करू शकतात. हे सगळं सकाळी सहाच्या आत आटोपायला हवं. प्रोग्रॅम बहुतेक कोबॉल या जुन्या संगणकीय भाषेतले, त्यातले काही आमच्या टीममधल्या मुलांच्या जन्माच्या आधीचे.

करार माझ्या हातात आला तेव्हा त्याच्यावर सह्या झालेल्या होत्या. किंमत ठरली होती मागच्या बारा महिन्यांच्या तिकिटांवरून, म्हणजे अडचणींच्या नोंदींवरून. एवढी तिकिटं येतात, एका तिकिटाला एवढा वेळ लागतो, म्हणजे एवढी माणसं लागतील, असा तो हिशेब. धंद्यात सगळीकडे असाच करतात. तो कागदावर बरोबर दिसतो आणि बहुतेक वेळा चुकतो, याचं कारण अगदी साधं आहे. जिथे ऑपरेटर, प्रोग्रॅमर आणि अंडररायटिंगची, म्हणजे कुणाचा विमा कुठल्या शर्तींवर घ्यायचा ते ठरवणारी, माणसं वर्षानुवर्षं एकाच इमारतीत बसतात, तिथे निम्म्या अडचणींचं तिकीट निघतच नाही. कुणीतरी जिना चढून वर जातं, दोन मिनिटं बोलतं आणि काम होतं. तेच काम सात हजारांहून जास्त किलोमीटरवर गेलं की प्रत्येक गोष्टीचं तिकीट काढावं लागतं. मग तिकिटं अंदाजापेक्षा बरीच जास्त येतात आणि दोन्ही बाजूंना वाटतं की समोरच्याने आपल्याला फसवलं. प्रत्यक्षात कुणी कुणाला फसवलेलं नसतं. जिन्यावरच्या बोलण्याची नोंद कुठेच नव्हती, एवढंच.

जानेवारी २०१८ मध्ये केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, सुरू झालं. व्हिसाचा खर्च आणि पगाराची अट बघता तिकडे मोजकीच माणसं नेता आली. बाकीची पुण्यात बसून स्काइपवर सत्रं ऐकायची आणि रेकॉर्ड करायची. प्रत्येक सत्रानंतर आम्ही प्लेबॅक ठेवला होता. जे शिकवलं ते आमच्या मुलाने किंवा मुलीने शिकवणाऱ्यालाच परत समजावून सांगायचं. ही पद्धत मी कधीच सोडत नाही. ऐकताना सगळ्यांनाच सगळं कळल्यासारखं वाटतं. सांगायला बसलं की कुठे अडतं ते पाच मिनिटांत समजतं.

फेब्रुवारीच्या शेवटी तिकडे बर्फ आला. ‘बीस्ट फ्रॉम द ईस्ट’ नावाने ती थंडीची लाट गाजली, आणि १-२ मार्चला एमा वादळ तिच्यात मिसळलं. एरवी जिथे फारसा बर्फ पडत नाही त्या दक्षिण भागातही रस्ते बंद पडले. गोठलेले पाण्याचे पाइप फुटले, छतं गळायला लागली आणि घरविम्याच्या दाव्यांची रीघ लागली. जी माणसं आम्हाला शिकवणार होती ती सगळी दाव्यांच्या गर्दीत अडकली. आमच्या आराखड्यातल्या तारखा एकामागून एक चुकायला लागल्या आणि आमच्याच वरिष्ठांचे फोन सुरू झाले. मी मात्र ऑनसाइटच्या, म्हणजे तिकडे गेलेल्या, मुलांना सांगितलं, सत्रं राहू देत, तुम्ही त्यांच्या शेजारी जाऊन बसा. त्या आठवड्यात यंत्रणेवर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त ताण होता. कोणता जॉब आधी सोडायचा, कोणता उद्यावर ढकलायचा, कुणाच्या होकाराशिवाय कशाला हात लावायचा नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. सत्रांतून ते कधीच कळलं नसतं. अहवालात तो आठवडा लाल रंगात गेला, पण शिकण्याच्या दृष्टीने मी त्याला सगळ्यात भरीव आठवडा मानते.

ज्यांच्याकडून शिकायचं होतं त्यांची नोकरी जाणार होती. याबद्दल गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. काही जण ‘टूपी’ नियमांखाली, म्हणजे ब्रिटनच्या २००६ च्या सेवा-हस्तांतर नियमांनुसार, आहे त्याच शर्तींवर आमच्या कंपनीत आले. बाकीच्यांशी कायद्याप्रमाणे सल्लामसलत झाली. वीस ते नव्व्याण्णव जण कमी करायचे असतील तर ती किमान ३० दिवस चालावी लागते. शेवटपर्यंत थांबणाऱ्यांना वेगळा बोनस होता आणि क्लायंटने तो केटीच्या सत्रांशी जोडला होता. ठरलेली सत्रं झाली, सह्या झाल्या, की बोनस पक्का. त्यामुळे सत्रं वेळेवर पार पडत होती, सह्याही होत होत्या. मी क्लायंटच्या ट्रान्झिशनप्रमुखाला सांगितलं की बोनस रिव्हर्स शॅडोच्या निकालाशी जोडा. आमची मुलं काम करतील, तुमची माणसं बघतील, आणि बॅच स्वच्छ गेलेल्या रात्री मोजा. त्याला ते पटलं, मनुष्यबळ विभागाला पटवायला वेळ लागला. पण झालं, आणि त्यानंतर शिकवण्याचा सूर बदललेला मला जाणवला. आता त्यांचा फायदा आम्हाला काम येण्यात होता, नुसत्या आमच्या हजेरीत नव्हता. ज्या माणसाचं काम आपण घेतोय त्याच्याशी न्यायाने वागणं ही माणुसकी आहेच, पण त्याशिवाय ट्रान्झिशनही नीट होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

याच काळात २५ मे २०१८ जवळ येत होता. त्या दिवशी युरोपचा माहिती-संरक्षणाचा जीडीपीआर कायदा लागू होणार होता. पुण्यात बसून नुसत्या स्क्रीनवर जरी एखाद्या ब्रिटिश ग्राहकाचं नाव दिसलं, तरी ती माहिती युरोपबाहेर पाठवल्यासारखीच धरली जायची. त्यासाठी करारात ठरावीक मसुद्याची कलमं घालावी लागायची. ती वकिलांनी घातली. खरा प्रश्न टेस्टच्या यंत्रणेचा होता. तिथे कित्येक वर्षं खऱ्या ग्राहकांची माहितीच जशीच्या तशी उतरवून वापरत होते. ती मास्क केल्याशिवाय, म्हणजे खऱ्या माहितीच्या जागी खोटी घातल्याशिवाय, आमच्या मुलांना द्यायची नाही असं ठरलं आणि मास्किंगचं काम आमच्याच गळ्यात पडलं. नावं बदलणं सोपं गेलं. पोस्टकोड बदलले आणि प्रीमियमचे जॉब धडाधड पडायला लागले, कारण तिथे घराचा आणि गाडीचा हप्ता पोस्टकोडवरून ठरतो. कुठल्या गल्लीत चोऱ्या जास्त, कुठे पुराचं पाणी शिरतं, हे सगळं त्या कोडमागे असतं. मग त्याच विभागातला दुसरा खरा पोस्टकोड उचलून टाकायचा असं सूत्र बसवलं. गाडीच्या नंबरांचंही तेच. काहीही अक्षरं टाकून चालेनात, नंबराची रचना तपासणारा प्रोग्रॅम ती लगेच फेकून द्यायचा. डेटा मास्क करायचा म्हणजे तो डेटा वापरतो कोण आणि कशासाठी, हे आधी समजून घ्यावं लागतं. ते काम करता करता आमच्या मुलांना विमाव्यवसाय जेवढा कळला तेवढा कुठल्या सत्रातून कळला नसता.

इकडे पुण्यात रात्रपाळी उभी करायची होती. तिकडचे रात्रीचे आठ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडचा दीड आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं पुढे गेली की साडेबारा. आपली घड्याळं कधीच हलत नाहीत, त्यामुळे वर्षातून दोनदा पाळी, कॅब आणि जेवणाची वेळ सगळंच एक तासाने सरकतं. महाराष्ट्राचा नवा दुकाने व आस्थापना कायदा १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला होता. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती, सुरक्षितता आणि घरापर्यंत वाहन ही जबाबदारी कंपनीची. टीममधल्या मुली तयार होत्या, काहींच्या घरचे नव्हते. एकीच्या वडिलांशी मी स्वतः बोलले. ते साताऱ्याहून मुद्दाम ऑफिस बघायला आले, कॅबमधल्या सुरक्षारक्षकाची चौकशी केली आणि मगच हो म्हणाले. रात्रपाळीचं वेळापत्रक बनवताना अशा गोष्टींना वेळ द्यावा लागतो. तो कुठल्याही प्रकल्प-आराखड्यात धरलेला नसतो, म्हणून मी तो दरवेळी मुद्दाम धरते.

मूळ आराखड्याप्रमाणे मेच्या सुरुवातीला काम पूर्णपणे आमच्याकडे यायचं होतं. एप्रिलमध्ये टीएसबी बँकेचं प्रकरण झालं. २० एप्रिलच्या शुक्रवारी त्यांनी जुन्या यंत्रणेवरून नव्या यंत्रणेवर जायला सुरुवात केली, रविवारी संध्याकाळी सेवा सुरू झाल्या, आणि ग्राहकांना आपलीच खाती उघडता येईनात. पुढे एका टप्प्यावर १९ लाखांपर्यंत ग्राहक अडकले होते. त्या बँकेचं काम तिच्या मूळ समूहाचीच आयटी कंपनी करत होती आणि त्या कंपनीच्या खाली आणखी ८५ पुरवठादार होते. सगळ्या इंग्लंडमध्ये दुसरा विषय नव्हता. आमच्या क्लायंटच्या संचालक मंडळाने आपल्या माणसांना थेट प्रश्न विचारला, आपलंही असंच होणार नाही कशावरून? विमा कंपन्यांना सॉल्व्हन्सी टू, म्हणजे विमा कंपन्यांसाठीच्या युरोपीय नियमांखाली, हे माहीतच होतं की काम बाहेर दिलं तरी नियामकापुढे उत्तर त्यांनाच द्यायचं असतं. माहीत असणं वेगळं आणि टीव्हीवर दुसऱ्याची अवस्था बघणं वेगळं.

मला विचारलं तेव्हा मी सांगितलं की रिव्हर्स शॅडो दुप्पट करा. आमच्या कंपनीत हे कुणाला आवडणारं नव्हतं. काम पूर्ण आमच्याकडे येईपर्यंत पूर्ण बिल लागत नाही, आणि प्रत्येक लांबलेला आठवडा आमच्या नफ्यातून जातो. तरीही मी लेखी दिलं. क्लायंटने अर्धा खर्च उचलला, हस्तांतर जुलैवर गेलं. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये टीएसबीला एकूण ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड झाला. एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या तेव्हाच्या आयटीप्रमुखाला व्यक्तिशः ८१,६२० पौंडांचा. पुरवठादारावर नीट देखरेख ठेवण्यासाठी पुरेशी पावलं उचलली नाहीत, असं नियामकाने म्हटलं. आता नवीन क्लायंट माझ्यासमोर बसला की मी त्याला त्या दंडाचा आदेश वाचायला सांगते.

त्या वाढलेल्या मुदतीतलीच एक रात्र. रिव्हर्स शॅडोत नियम असा की कीबोर्ड आमच्या मुलांच्या हातात असतो, तिकडची माणसं तीच स्क्रीन बघत ब्रिजवर, म्हणजे सगळ्यांना जोडणाऱ्या फोन कॉलवर, असतात आणि यंत्रणा खरंच धोक्यात आल्याशिवाय बोलत नाहीत. तिकडून होत्या त्यांच्या रात्रपाळीच्या प्रमुख, आयुष्यभर हीच बॅच सांभाळलेल्या बाई. इकडे लातूरचा एक मुलगा, दोन वर्षांचा अनुभव, हुशार आणि शांत. मी त्याच्या मागे उभी होते. आपल्याकडे पहाटेचे साडेचार, तिकडे मध्यरात्र. एका ब्रोकरकडून आलेली फाइल वाचणारा जॉब पडला. सॉक-सेव्हन. मेनफ्रेमवर काम केलेल्या प्रत्येकाला हा अ‍ॅबेंड, म्हणजे जॉब मध्येच पडण्याचा प्रकार, भेटलेला असतो. जिथे आकडा हवा तिथे दुसरंच काहीतरी आलं की प्रोग्रॅम तिथल्या तिथे थांबतो. मुलाने डम्प, म्हणजे पडलेल्या प्रोग्रॅमच्या स्थितीची नोंद, उघडला, प्रीमियमच्या जागी मोकळी जागा आली आहे हे शोधलं, रनबुकप्रमाणे, म्हणजे कामाच्या लेखी सूचनांप्रमाणे, सदोष रेकॉर्ड रिजेक्ट फाइलमध्ये वळवली आणि जॉब त्याच पायरीपासून पुन्हा सुरू केला. सगळं व्यवस्थित आणि झटपट. मजल्यावरच्या दोघातिघांनी मान हलवली, मलाही बरं वाटलं.

तेवढ्यात ब्रिजवर बाईंनी विचारलं, “रिजेक्ट फाइल उघडून बघितलीस का?”

त्याने उघडली. तीन रेकॉर्ड होती.

“त्यातल्या नवीन पॉलिसी किती?”

त्याने तारखा बघितल्या. दोन जुन्या पॉलिसींमधले बदल होते. तिसरी नवीन होती आणि तिचा विमा त्याच मध्यरात्रीपासून सुरू झाला होता.

“मग त्या गाडीचं आता काय होणार?”

मुलगा गप्प. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, “मॅम, रनबुकमध्ये तर रिस्टार्टपर्यंतच आहे.”

बाईंनी मग समजावलं. ती नवीन पॉलिसी रिजेक्टमध्ये गेली म्हणजे आज रात्रीच्या मोटर डेटाबेसच्या फाइलमध्ये ती जाणार नाही. ब्रोकर चुकीची रेकॉर्ड परत पाठवतो ती आठवड्यातून एकदा. तोपर्यंत तो माणूस पैसे भरून, कागद हातात घेऊन गाडी चालवणार आणि कॅमेऱ्याला ती गाडी बिनविम्याची दिसणार. म्हणून अशा रात्री बाई त्या पॉलिसीचा नंबर लिहून घ्यायच्या आणि सकाळी घरी जायच्या आधी वाहनविम्याच्या अंडररायटिंग टेबलाला फोन करायच्या. ती माणसं ब्रोकरकडून बरोबर प्रीमियम विचारून पॉलिसी हाताने भरायची आणि डेटाबेसमध्येही हातानेच नोंद करायची. हे त्या किती वर्षं करत होत्या त्यांनाही आठवत नव्हतं.

त्यांनी काही लपवलं नव्हतं. आमचे केटीचे प्रश्न असे होते: जॉब पडला तर काय करता? पुन्हा कसा सुरू करता? त्याचं उत्तर त्यांनी पूर्ण आणि प्रामाणिक दिलं होतं. जॉब सुरू झाल्यानंतरचा फोन हा त्यांच्या दृष्टीने यंत्रणेचा भागच नव्हता. करारातही आमची हद्द ‘बॅच पूर्ण होणे’ इथे संपत होती. एक माणूस विनाकारण पोलिसांच्या तावडीत सापडू नये, हे काम दोन्ही कागदांमधल्या फटीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना एकच विनंती केली. त्यांच्या टेबलाशेजारच्या भिंतीवर कंपनीतल्या अंतर्गत फोन क्रमांकांची यादी चिकटवलेली होती, ऑनसाइट असताना ती मी पाहिली होती. म्हटलं, या यादीतल्या कुणाकुणाला तुम्ही रात्री किंवा पहाटे फोन करता, तेवढं सांगा. एकेक नाव घेऊन बसलो. छपाईच्या ठेकेदाराचा चालक. खजिना विभागातले एक गृहस्थ, ज्यांना डायरेक्ट डेबिटची एकूण रक्कम कालच्यापेक्षा फारच वेगळी दिसली तर फाइल बँकेकडे जायच्या आधी उठवायचं. महिनाअखेरीला ज्याची फाइल हमखास उशिरा येते त्या ब्रोकरच्या ऑफिसातली एक मुलगी. नूतनीकरणाच्या पत्रांचे नमुने सकाळी हातात घेऊन बघणाऱ्या एक बाई. प्रत्येक नावामागे कधी तरी झालेला घोटाळा होता आणि तो पुन्हा होऊ नये म्हणून कुणीतरी स्वतःहून लावून घेतलेली सवय होती. बाकी ऑपरेटरांनाही आम्ही तशाच याद्या घेऊन बसवलं. केटीच्या आराखड्यात जॉब मोजलेले होते, मी त्यात फोनांचा वेगळा तक्ता जोडला.

मग भांडण झालं, अपेक्षेप्रमाणे. आमचे डिलिव्हरीप्रमुख म्हणाले, हे स्कोपच्या, म्हणजे ठरलेल्या कामाच्या, बाहेर आहे, चेंज रिक्वेस्ट, म्हणजे वाढीव कामाची मागणी, काढा, पैसे लागतील. क्लायंटच्या खरेदी विभागाने करारातलं ते प्रसिद्ध कलम दाखवलं, ज्यात सेवेला अनुषंगून असलेली सगळी कामं सेवेतच धरली जातात. दोघांचंही कागदावर बरोबर होतं. अशा वेळी दोन्हीकडचे वकील महिनोन्महिने पत्रं लिहू शकतात आणि तोवर फोन कुणीच करत नाही. मी दोन्ही बाजूंच्या माणसांना एका खोलीत बसवलं, समोर फक्त तक्ता ठेवला आणि किंमत किंवा कलम हे शब्द पहिल्या तासात काढायचे नाहीत असं ठरवून घेतलं. एकेका फोनबद्दल एवढंच विचारत गेलो की हा झाला नाही तर कुणाचं नुकसान होतं.

बरेच फोन खरं तर माहिती पोचवण्यासाठीच होते. त्यांच्या जागी आमच्या मुलांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. रिजेक्टमधल्या नवीन वाहन पॉलिसींची यादी पहाटे थेट अंडररायटिंग टेबलाच्या मेलवर. ती मिळाल्याची पोच तिकडच्या सव्वाआठपर्यंत आली नाही, तर पुण्यातून फोन. तोवर आपल्याकडे पाऊण वाजलेला असतो आणि रात्रपाळी घरी जाऊन झोपलेली असते, म्हणून तो फोन सकाळच्या पाळीच्या हँडओव्हरमध्ये नाव घालून लिहायचा. अशा रिजेक्टची तातडीची पातळी पी-फोरवरून वरच्या पी-टूवर नेली. खजिना विभागाचा फोन माणसानेच करायचा असं ठरलं, कारण तिथे आवाज ऐकून निर्णय होतो. चेंज रिक्वेस्टही निघाली, पण प्रोग्रॅम लिहायच्या मोबदल्यापुरती. लातूरच्या मुलाने तो प्रोग्रॅम लिहिला आणि पुढे अंडररायटिंगच्या टेबलाशी बोलणारा आमचा माणूसही तोच झाला.

जुलैत हस्तांतर झालं. पहिल्या महिन्याचा एसएलए, म्हणजे करारात ठरलेल्या सेवेच्या वेळा पाळल्या का याचा, अहवाल सगळा हिरवा होता, तरी क्लायंट नाराज. आमच्या धंद्यात अशा अहवालाला कलिंगड म्हणतात, वरून हिरवा, आतून लाल. झालं होतं असं की करारात बॅच सहाच्या आत संपवायची होती, आणि ती संपत होती. छपाईच्या ठेकेदाराची यंत्रणा मात्र पत्रांची फाइल साडेपाचलाच उचलायची. पूर्वीचे ऑपरेटर गर्दीच्या रात्री पत्रांचे जॉब आधी सोडायचे. चालकाचा फोन आमच्या तक्त्यात होता, पण त्यातून फक्त उशीर कळवला जायचा, क्रम बदलायचा अधिकार आमच्या पाळीला दिलेला नव्हता. त्यामुळे काही रात्रींची पत्रं एक दिवस उशिरा गेली. शिवाय तो ठेकेदार आणि आम्ही, दोघंही क्लायंटचे पुरवठादार, पण आमच्यात आपसात कसलाच करार नाही. क्लायंटकडे आता हे जुळवून देणारं माणूस उरलं नव्हतं, कारण खर्च वाचवताना त्यांनी नेमकी तीच माणसं कमी केली होती. यावर माझं मत आजही ठाम आहे. काम बाहेर देणाऱ्या कंपनीने यंत्रणा आणि व्यवसाय दोन्ही समजणारी काही माणसं स्वतःकडे ठेवलीच पाहिजेत. नाही तर पुरवठादाराला प्रश्न कोण विचारणार आणि पुरवठादाराने प्रश्न कुणाला विचारायचे? त्यांनी त्या शरद ऋतूत दोन जणांना परत बोलावलं. त्यातल्या एक रात्रपाळीच्या त्याच बाई होत्या, आता दिवसपाळीत, सेवा व्यवस्थापक म्हणून. एसएलएमध्ये पत्रांची वेळ वेगळी लिहिली गेली.

आमच्याकडचा प्रश्न वेगळा होता. केटी घेतलेली दोन मुलं वर्षाच्या आत समोरच्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या कंपनीत गेली. त्यांना दोष देता येत नाही. हिंजवडीत नव्वद दिवसांची नोटीस दिली की बाहेर ऑफर तयारच असतात, आणि घर घ्यायचं वय असतं. प्रमुख माणसं ठरावीक काळ हलवायची नाहीत असं कलम करारात असतं, पण ते कंपनीला बांधतं, राजीनामा देणाऱ्याला नाही. ज्ञान एकाच डोक्यात राहू न देणं हाच खरा उपाय.

त्यासाठी मला एक्झिट प्लॅनचा आधार मिळाला. उद्या क्लायंटने हे काम आमच्याकडून काढून दुसऱ्याला दिलं, तर ते कसं सोपवायचं याचा आराखडा करारानुसार आम्हालाच लिहून द्यायचा होता. बहुतेक ठिकाणी हा कागद जुन्या कागदावरून उतरवतात आणि कपाटात ठेवतात. मी टीमला सांगितलं, आपण तो चालवून बघू. दुसऱ्या क्लायंटच्या कामावरची, मेनफ्रेम येणारी पण ही बॅच कधीच न पाहिलेली एक मुलगी आणली. तिला फक्त रनबुक दिलं आणि टेस्टवर एक पूर्ण रात्र चालवायला सांगितलं. आमच्या माणसांनी तोंड उघडायचं नाही. ती जिथे जिथे अडली तिथे रनबुकमध्ये ओळ वाढली. नंतर दर तिमाहीला नवीन माणूस आणून हेच केलं. टीमला पहिल्यांदा हे आपल्यावरचा अविश्वास वाटला. ज्यांना सुटी हवी असताना मिळायला लागली त्यांचं मत लवकर बदललं.

२५ मार्च २०२० ला देशभर लॉकडाऊन लागला. घरातून प्रॉडक्शन, म्हणजे खऱ्या कामाच्या, यंत्रणेला हात लावायला क्लायंटची लेखी परवानगी लागत होती. ती आधीच्याच आठवड्यात मागून ठेवल्यामुळे वेळेत मिळाली, आणि ऑफिसातले डेस्कटॉप टेम्पोत घालून घरोघर पोचवले. तरी रात्रपाळीतले निम्मे जण गावाकडे अडकले होते, काहींच्या घरी व्हीपीएन टिकेल एवढंही नेटवर्क नव्हतं. लगेचच्या रविवारी, २९ मार्चला, इंग्लंडची घड्याळं पुढे जाणार होती. त्या रात्री तिकडे एक ते दोन हा तासच नसतो, त्या तासात लावलेले जॉब हाताने सोडावे लागतात. मूळ पाळीतला एकच जण उपलब्ध होता. बाकीच्या दोन जागांवर तिमाही चाचणीसाठी बाहेरून आणलेल्या मुली बसल्या, एक पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमधून, दुसरी कोथरूडमधून. ब्रिजवर तिकडून बाई होत्या, त्याही आता स्वतःच्या घरून. हाताने सोडायच्या जॉबची यादी रनबुकमध्ये होती. डायरेक्ट डेबिटची रक्कम कालच्यापेक्षा बरीच वेगळी दिसली, तेव्हा कोथरूडच्या मुलीने खजिना विभागातल्या गृहस्थांना फोन केला. त्यांनी रक्कम तपासली, फाइल सोडायला सांगितली. तिकडच्या लॉकडाऊनमुळे लोक हप्ते थांबवायला लागले होते, त्याचा तो पहिला परिणाम होता. पुढच्या आठवड्यापासून त्या रकमेची मर्यादा रोज बदलून द्यायची असं दोन्ही बाजूंनी मिळून ठरवलं.